प्लॅस्टिकचे तेल आणि वेचणारे हात



प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून तेल निघते असे सांगितले, की काहींना ती जादू वाटते आणि काहींना थाप. वास्तविक ते साधे रसायन आहे. सातवीनंतर शाळा सुटलेल्या आमच्यासारख्या माणसालाही ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांवरून उमगले. कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या संघटनेचे काम करताना ते समजून घेणे आम्हाला भागच पडले. ते का, हे ओघाने येईलच. आधी रसायन पाहू.

आपल्या घरातील बहुतेक प्लॅस्टिक खनिज तेल आणि वायू यांपासूनच बनते. इथिलीन नावाच्या वायूचे हजारो रेणू माळेतील मण्यांसारखे एकापुढे एक ओवले, की पॉलिथिन तयार होते. इंग्लंडमध्ये १९३३ साली ते प्रथम हाती लागले. आपली दुधाची पिशवी म्हणजे अशा लांबच लांब माळांचा गुंता होय. पेट्रोल आणि डिझेल हीदेखील कार्बन व हायड्रोजन यांचीच बनलेली असतात; फक्त त्यांच्या माळा आखूड. पेट्रोलच्या माळेत कार्बनचे साधारण पाच ते बारा मणी, डिझेलच्या माळेत दहा ते वीस, वंगणाच्या तेलात वीसच्या पुढे, आणि पिशवीत हजारो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की ही माळ तोडावी कशी?

ती उष्णतेने तुटते. पण उकिरड्यावर प्लॅस्टिक पेटवले तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते जळून जाते आणि आपल्या वाट्याला विषारी धूर येतो. म्हणून हवा आत जाऊ न देता ते बंद भांड्यात तापवावे लागते. लाकूड मातीखाली झाकून कोळसा पाडतात, त्यातले तत्त्व हेच. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला माळा तुटून त्यांची वाफ होते. ती वाफ नळीतून नेऊन थंड केली, की तेल ठिबकू लागते. हातभट्टीची रचना ज्यांना ऐकून ठाऊक असेल, त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांपुढे आणता येईल. जो वायू थंड होऊनही द्रव होत नाही, तो त्याच भट्टीखाली जाळतात. तळाशी काजळीसारखा गाळ उरतो.

नुसत्या उष्णतेने माळ वाटेल तेथे तुटते आणि पुष्कळसा भाग मेणासारखा घट्ट राहतो. झिओलाइटसारखा उत्प्रेरक घातला तर तुकडे अधिक आखूड पडून पेट्रोल-डिझेलच्या जातीचे तेल वाढते. उलट, वंगण हवे असेल तर ते मेणच कामाला येते. मात्र सरळ माळांचे मेण थंडीत गोठते. म्हणून उत्प्रेरक आणि हायड्रोजन यांच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली, त्या माळांना फांद्या फोडाव्या लागतात. मग ते यंत्रात वाहते राहते. हे काम मोठ्या शुद्धीकरण कारखान्याचे आहे, पत्र्याच्या शेडमधील भट्टीचे नव्हे. अशा भट्टीतून येणारे कच्चे तेल बॉयलरखाली चालेल. पण ते साठवले तर त्यात डिंक धरतो, आणि शुद्ध केल्यावाचून ते मोटारीत घालणे म्हणजे इंजिनाशी वैर करणे आहे.

आता खरी अडचण. सारे प्लॅस्टिक एका जातीचे नसते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे तेल चांगले निघते. पाण्याच्या बाटलीचे पेट तापवले तर आम्ले तयार होऊन नळ्या चोंदतात. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. तापताच त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, आणि तो लोखंड खातो.

हे आम्ही पुस्तकात वाचले त्याआधी डोळ्यांनी पाहिले होते. एका लहान कारखान्यात आमच्या भगिनी वेचलेला माल घालीत. मालकाने वेगळा केलेला माल महाग पडतो म्हणून सरमिसळ माल घ्यायला सुरुवात केली. त्यात जुने पाइप आले, रेक्झिनचे तुकडे आले. काही महिन्यांत थंड करणारी नळी गळू लागली, आणि भट्टीवरच्या दोन कामगारांचे डोळे व घसा भाजून निघाला. मालकाने दोष वेचणाऱ्या बायकांवर ठेवला. बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा आमच्यातल्या एका वयस्क बाईने बादलीभर पाणी मागवले आणि त्याच्याच ढिगातले तुकडे त्यात दाबून बुडवले, मग सोडून दिले. पिशव्यांचे तुकडे वर आले. पाइपाचे आणि बाटलीचे तळाशी राहिले. “वर येतंय त्याचं तेल होतंय दादा, खाली बसतंय त्यानं नळी खाल्ली,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी वेगळ्या केलेल्या मालाचा दर ठरला.

मोठमोठ्या देशांनाही हाच धडा शिकावा लागला आहे. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १९९४ साली लुडविग्सहाफेन येथे वर्षाला १५,००० टन प्लॅस्टिक विघटित करणारा प्रायोगिक कारखाना उभारला. रसायन यशस्वी झाले. पण पुरेसा कचरा परवडेल अशा बोलीवर मिळण्याची हमी लाभेना, म्हणून १९९६ साली तो बंद केला. आपल्याकडे नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभी हा विषय लोकांपुढे आणला. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली दिवसाला एक टन कचऱ्यातून सुमारे ८०० लिटर डिझेल काढणारा प्रकल्प सुरू झाला. रसायन आपल्याला अवगत आहे. निवडलेला माल रोजच्या रोज कोण आणून देणार, हा प्रश्न उरतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तेल जाळले की त्यातील कार्बन हवेत जातो आणि वस्तू कायमची संपते. ज्या प्लॅस्टिकची पुन्हा वस्तू बनू शकते, ते भट्टीत घालणे हा अपव्यय आहे. आपल्या देशातील २०२२ च्या नियमांनीही, ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही त्या प्लॅस्टिकसाठीच तेलाचा मार्ग ठेवला आहे. म्हणजे भट्टीत काय जावे आणि काय जाऊ नये, याची निवड पुन्हा हातांनीच करायची.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. तेलाचा कारखाना गावात येईल तेव्हा असाच करार त्याच्याशी व्हावा: निवडीला मजुरी, हाताला मोजे, आणि काट्यावर खरे वजन. ठेकेदाराने गावाचा सारा कचरा एकत्र उचलून नेला, तर त्या बायकांची भाकरीही जाईल आणि कारखान्याची नळीही.

श्रोत्यांकडे आमचे एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. त्या तेलाचा पहिला थेंब आपल्या स्वयंपाकघरातच निवळू लागतो.