पु.ल. देशपांडे यांची सांगीतिक कारकीर्द

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९, मुंबई – १२ जून २०००, पुणे) हे मराठी विनोदी लेखक, नाटककार, संगीतकार, पेटीवादक, गायक, अभिनेते व चित्रपट दिग्दर्शक होते. महाराष्ट्रात ते 'पु.ल.' या आद्याक्षरांनीच ओळखले जातात. लेखक म्हणून मिळालेल्या अफाट लोकप्रियतेमुळे त्यांच्यातील संगीतकाराकडे तुलनेने कमी लक्ष गेले. त्यांनी चाली दिलेली गाणी घरोघरी गायली जातात, ती पु.लं.ची आहेत हे गाणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

== सुरुवातीचे जीवन ==
पु.लं.चे बालपण जोगेश्वरी व नंतर विलेपार्ले येथे गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'गीतांजली'चे त्यांनी मराठी अभंगांत रूपांतर केले होते. साहित्य आणि संगीत अशा दोन्ही गोष्टी घरातच असल्याने पु.लं.ना पेटीची गोडी लहानपणी लागली. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे त्यांनी पेटीचे शिक्षण घेतले. पार्ल्याच्या टिळक मंदिरात शाळकरी वयात बालगंधर्वांसमोर पेटी वाजवून त्यांनी शाबासकी मिळवली होती. तरुणपणी भावगीतांचे कार्यक्रम आणि गाण्याच्या शिकवण्या हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. राजा बढे यांच्या 'माझिया माहेरा जा' या गीताला त्यांनी दिलेली व ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेली चाल मराठी भावगीतांच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

== चित्रपट ==
१९४७ सालच्या 'कुबेर'पासून साधारण सहा-सात वर्षे पु.ल. चित्रपटसृष्टीत होते. या काळात त्यांनी अभिनय, पटकथा, संवाद आणि संगीत अशा सर्व बाजू सांभाळल्या. 'देव पावला' या चित्रपटातील माणिक वर्मा यांनी गायलेले 'कबीराचे विणतो शेले' हे गीत त्यांनीच स्वरबद्ध केले. १९५३ सालच्या 'देवबाप्पा'मध्ये आशा भोसले यांनी गायलेले 'नाच रे मोरा' हे बालगीत शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आजही ऐकू येते.

त्याच वर्षीच्या 'गुळाचा गणपती'चे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका पु.लं.ची असल्याने तो 'सबकुछ पु.ल.' म्हणून प्रसिद्ध झाला. नारायण नावाच्या भोळसट तरुणाच्या या विनोदी कथेत भीमसेन जोशी यांनी गायलेला 'इंद्रायणी काठी' हा अभंग येतो. ग.दि. माडगूळकरांनी लिहिलेला हा अभंग पुष्कळांना पारंपरिक संतरचना वाटतो, आणि संगीतकाराला याहून मोठी पावती क्वचितच मिळते. या चित्रपटानंतर मात्र पु.ल. त्या व्यवसायापासून दूर गेले.

== आकाशवाणी व पेटी ==
१९५५ मध्ये पु.ल. आकाशवाणीत दाखल झाले. आकाशवाणीने १९४० पासून पेटीला प्रक्षेपणातून हद्दपार केले होते. तिचे स्वर ठरावीक असल्याने भारतीय संगीतातील मींड आणि श्रुती तिच्यावर निघत नाहीत, हा त्यामागचा प्रमुख आक्षेप होता. ही बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. म्हणजे ज्या वाद्यावर पु.लं.चा हात बसला होता, तेच त्यांच्या नोकरीच्या ठिकाणी निषिद्ध होते. या काळातही त्यांचे चाली देणे थांबले नाही. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, पु.लं.ची चाल आणि जितेंद्र अभिषेकी यांचा स्वर यांतून 'माझे जीवनगाणे' आणि 'शब्दावाचून कळले सारे' ही गीते घडली. १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत पु.ल. होते.

खासगी मैफलींत मात्र पेटी त्यांच्यापासून सुटली नाही. वसंतराव देशपांडे यांच्याशी त्यांचा जिव्हाळ्याचा स्नेह होता आणि त्यांच्या गाण्याला पु.ल. हौसेने साथ करीत.

== रंगभूमी ==
'बटाट्याची चाळ'च्या एकपात्री प्रयोगात पु.ल. एकटेच साऱ्या बिऱ्हाडकरूंना रंगमंचावर उभे करीत. वेशभूषा किंवा रंगभूषा न बदलता केवळ आवाजाची पट्टी, बोलण्याची लय आणि थांबण्याची जागा यांवर त्यांनी ही माणसे वेगळी केली. त्यांच्या विनोदात गायकाची समज दिसते ती येथे. छापील पानावर हसू आणणारे वाक्य त्यांच्या ध्वनिमुद्रणात अधिक हसवते, कारण समेवर कधी यायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. 'वाऱ्यावरची वरात'मध्ये तर गाणी आणि विडंबने प्रयोगाचाच भाग होती.

१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने त्यांचे 'तीन पैशांचा तमाशा' रंगभूमीवर आणले. जॉन गे या इंग्रज लेखकाच्या १७२८ सालच्या 'बेगर्स ऑपेरा'वरून जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने 'थ्री पेनी ऑपेरा' रचला होता, पु.लं.नी त्याला तमाशाचा बाज दिला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. पुणे जिल्ह्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शेजारी असलेल्या दौंड येथे ते वैद्यकीय व्यवसाय करीत. या नाटकाचे संगीत पु.लं.चे नव्हते, परंतु नाट्यपदापासून लावणी आणि पाश्चात्त्य पॉपपर्यंतचे ढंग एका प्रयोगात नांदू शकतील असे लेखन संगीताच्या जाणकारालाच शक्य होते.

== उत्तरायुष्य ==
मुंबईच्या एन.सी.पी.ए. या संस्थेचे मानद संचालक असताना पु.लं.नी संगीताच्या जतनाच्या कामात रस घेतला. त्यांना १९६५ मध्ये 'व्यक्ती आणि वल्ली'साठी साहित्य अकादमी पुरस्कार, १९६७ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९६ मध्ये ते 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचे पहिले मानकरी ठरले. सुनीताबाईंशी त्यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी झाला होता. त्याच तारखेला, विवाहाच्या ५४व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले.