मैदानाकडेची मोकळी जागा

नातू हातातील कळा दाबीत पडद्यावरील खेळाडूला अधांतरी उडवितो, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून काढतो आणि आनंदाने ओरडतो. हा काय खेळ आहे, असे आपल्या मनात येत असेल. त्याचे मूळ न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीच्या मोकळ्या मैदानांत आहे.

गल्लीतल्या या बास्केटबॉलला 'स्ट्रीटबॉल' म्हणतात. त्यात बहुधा पंच नसतो. नियमभंग झाला की खेळाडूच तो पुकारतात. जिंकणारा संघ मैदानात राहतो, हरणारा बाहेर वाट पाहतो. वाड्याच्या चौकात आपण ज्या घरगुती नियमांनी खेळलात, त्यांच्याच जातीचे हे नियम.

हार्लेममध्ये होल्कम्ब रकर हे उद्यान विभागात काम करीत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी तेथील मुलांसाठी स्पर्धा सुरू केल्या. खेळाइतकाच अभ्यासाचाही आग्रह धरून त्यांनी अनेकांना महाविद्यालयाची वाट दाखविली. 1965 मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच ते निवर्तले. पुढे तेथील 155व्या रस्त्यावरील मैदानाला त्यांचे नाव मिळाले. ज्युलियस अर्व्हिंगसारखे नामवंतही तेथे खेळले. त्याच वस्तीतील अर्ल मॅनिगॉल्ट हा असामान्य खेळाडू मात्र हेरॉइनच्या आहारी गेला, तुरुंगात गेला. त्यातून सावरल्यावर त्याने मुलांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी स्पर्धा भरविल्या.

2001 मध्ये आलेल्या 'एनबीए स्ट्रीट' या व्हिडिओ गेमने हे जग घरोघरी पोहोचविले. दोन्ही बाजूंस तीन-तीन खेळाडू, लक्ष्य 21 गुणांचे. चेंडू जवळून टाकल्यास एक गुण, लांबून टाकल्यास दोन. जितक्या अधिक करामती, तितके अधिक बळ. पडद्यावर उड्या आहेत, टाळ्या आहेत. नाही ते एकच: कडेला उभा राहून 'अभ्यास झाला का, जेवलास का' असे विचारणारा रकर. घरात ती जागा आपली आहे.

ती घेण्यासाठी खेळ येण्याची आवश्यकता नाही. टीका न करता नातवाजवळ वीस मिनिटे बसावे. 'ही युक्ती काय म्हणतात?' असे विचारावे. शिकविणाऱ्याचा मान त्याला द्यावा. गुण मोजण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. वेगवान चित्रांनी गरगरल्यास नजर पडद्यावरून काढून दूरच्या स्थिर वस्तूकडे न्यावी आणि बसणे थांबवावे.

घरात अंथरुणाला खिळलेले वा विस्मरण झालेले कोणी असल्यास, सुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांच्या हाती खेळाच्या कळा देण्याचा आग्रह धरू नये. गोंगाट कमी ठेवून त्यांना नातवाशेजारी बसविले, तरी पुष्कळ झाले. ते थकलेले वा गोंधळलेले दिसताच खेळ थांबवावा.

मग एखाद्या संध्याकाळी नातवाला खरा चेंडू देऊन जवळच्या मैदानावर न्यावे. पासष्टीनंतर आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. मैदानापर्यंतचे चालणे त्यातच जमा होते. चालताना तोल जात असेल, तर सोबत असू द्यावी आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. तेथे बाकावर बसून हलका चेंडू नातवाकडे टाकता येईल.

तो नेम चुकवील, चिडेल, पुन्हा प्रयत्न करील. आपण गुण मोजीत राहावे.