जुन्या मोटारगाडीतील भारणदोषांचे निदान

१९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडात निर्माण झालेल्या मॉरिस मायनर गाडीची विद्युत्-व्यवस्था लुकास बनावटीच्या डायनामोवर अवलंबून असते. आपल्याकडील अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डपासून निघाली तिचेही कूळ हेच. अशा गाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली म्हणजे मालक प्रथम नवी बॅटरी घेतो, मग डायनामो बदलतो. दोष मात्र कित्येकदा तिसऱ्याच ठिकाणी असतो. मूळ भाग दुर्मिळ होत चालले असता अशा अंदाजपंचे उपायांनी सुस्थितीतील डायनामो मोडीत निघतात.

फलकावरील तांबडा दिवा नेमके काय सांगतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमार्गे बॅटरीस व दुसरे डायनामोच्या 'डी' अग्रास जोडलेले असते. दोन्ही टोकांचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. म्हणून दिवा विझणे म्हणजे भारण योग्य प्रमाणात होत आहे असे नव्हे. नियंत्रक बिघडून बॅटरी उकळत असतानाही तो विझलेलाच राहील. उलट, गाडी वेगात असता तो मंद तेवत राहिल्यास डायनामो व बॅटरी यांमधील एखाद्या जोडात किंवा कट-आउटच्या संपर्कबिंदूंत रोध वाढला असल्याचा संशय घ्यावा.

पंख्याचा पट्टा सैल नाही याची खात्री झाल्यावर डायनामोची स्वतंत्र परीक्षा करावी. त्याच्या 'डी' व 'एफ' या दोन्ही अग्रांवरील तारा काढून ती अग्रे आखूड तारेने परस्परांस जोडावीत आणि ही जोडतार व गाडीचा सांगाडा यांमध्ये व्होल्टमापक लावावा. एंजिन मंद गतीने सुरू करून वेग हळूहळू वाढविल्यास काटा न डगमगता झपाट्याने चढला पाहिजे. या वेळी नियंत्रण मुळीच नसते. दाब २० व्होल्टांपलीकडे जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर कार्बन ब्रश तपासावेत. अर्धा ते एक व्होल्ट दिसल्यास क्षेत्र-वेटोळ्यात, चार-पाच व्होल्ट दिसल्यास आर्मेचरच्या वेटोळ्यात दोष संभवतो. यंत्र न उघडता एवढे कळते, हेच या परीक्षेचे मोल.

डायनामो निर्दोष ठरला तर जोडतार तशीच ठेवून मूळ तारा पुन्हा लावाव्यात, नियंत्रक पेटीकडील त्यांची टोके सोडवून तेथे दाब पाहावा. तो न मिळाल्यास तार तुटलेली आहे.

उरला नियंत्रक. दाब वाढला की त्याचे संपर्कबिंदू विलग होतात, क्षेत्र-मंडलात रोध येतो, चुंबकीय क्षेत्र क्षीण होते व दाब उतरतो. बिंदू पुन्हा मिळतात. ही क्रिया सेकंदात अनेक वेळा घडते. त्याची परीक्षा बॅटरीचा भार काढूनच करावी लागते: जोडतार काढून, 'ए' व 'ए-१' या अग्रांवरील तारा सोडवून एकमेकींस जोडाव्यात आणि 'डी' व 'ई' यांमधील दाब पाहावा. आरबी १०६-२ या नमुन्यात २० अंश सेल्सिअस तापमानास तो १६.० ते १६.६ व्होल्टांच्या दरम्यान स्थिर व्हावा. बॅटरी जोडलेली असताना अर्थातच तो याहून कमी असतो. ही मोजणी अर्ध्या मिनिटात उरकावी, अन्यथा वेटोळे तापून आकडे फसवे येतात. नियंत्रकाच्या स्क्रूला सर्वांत आधी हात घालण्याची प्रथा प्रस्तुत लेखकास सर्वाधिक घातक वाटते.

आणखी एक गोष्ट. मायनरमध्ये कारखान्यातूनच बॅटरीचे धन अग्र सांगाड्यास जोडलेले असे, आणि डायनामोची ध्रुवता त्याच्या लोखंडातील अवशिष्ट चुंबकत्वावर ठरते. कोणी ऋण अग्र सांगाड्यास जोडून घेतले असेल, अथवा डायनामो दुरुस्त होऊन आला असेल, तर 'एफ' अग्रावरील तार सोडवून, बॅटरीच्या सांगाड्यास न जोडलेल्या अग्रापासून आणलेली तार त्या अग्रास क्षणभर टेकवावी आणि मगच एंजिन सुरू करावे.