दृष्टिहीन खातेदार आणि बँकेचे संकेतस्थळ

बँकेने खातेदाराचे व्यवहार गुप्त राखले पाहिजेत, हा नियम वाणिज्य शाखेचा विद्यार्थी १९२४ सालच्या टूर्नियर खटल्याच्या आधारे शिकतो. परंतु ज्या खातेदाराला डोळ्यांनी दिसत नाही, त्याची गुप्तता आज कोण राखतो? नवनगरात बसून हुबळीला वा धारवाडला पैसे पाठवायचे तर आता शाखेत जावे लागत नाही. संकेतस्थळ हेच बँकेचे दार झाले आहे. ते त्याला एकट्याने उघडता आले नाही, तर पासवर्ड आणि ओटीपी शेजाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बजावणाऱ्या बँकेचेच पान त्याला तो सांगायला लावते!

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’च्या साहाय्याने. ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचते. त्यांपैकी एनव्हीडीए विनामूल्य मिळते. माउसऐवजी टॅबची कळ दाबत पुढे जायचे असते. मात्र ती वाचते ते लिहिलेलेच. चित्ररूप बटणाला आतून नाव दिलेले नसेल, तर ती नुसते ‘बटण’ म्हणते. मग ‘पैसे पाठवा’ कोणते आणि ‘रद्द करा’ कोणते? वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा तर यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच काढलेला असतो. त्याला ऐकण्याचा पर्याय नसेल तर वाट तेथेच खुंटते.

आपल्या भाषांची अडचण आणखी निराळी आहे. व्याजदराचे पत्रक स्कॅन करून लावले, तर ते यंत्राच्या लेखी केवळ छायाचित्र. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात टंकलेले मराठी वा कन्नड डोळ्यांना ठीक दिसते, पण ऐकू येतो तो रोमन अक्षरांचा गोंधळ. पानाची भाषा आतील खुणेत नोंदवली नसेल, तर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाण्याचा संभव असतो. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ वेगळा, हे त्या आवाजाला कोठून कळणार?

हा कोणाच्या दयेचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा व डोळे पोळलेल्यांना पापणी मिटता येत नाही, आणि केवायसीत जिवंतपणाचा पुरावा म्हणून तेच मागितले जात होते. त्याला पर्याय द्या, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी जुलैत सेबीनेही आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी परिपत्रक काढले.

वाचकांनी एक प्रयोग अवश्य करावा. माउस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळेने आपल्या बँकेच्या पानावर खात्यातील शिल्लक पाहावी, आणि आपण कोणत्या बटणापाशी अडतो ते लिहून बँकेच्या तक्रार विभागास कळवावे.