उपग्रहाला वरून सगळं दिसतं का?

सीमेवर काही घडलं की प्रश्न हमखास येतो : एवढे उपग्रह आहेत, मग आधी कळलं कसं नाही?

गैरसमज : उपग्रह एका जागेवर चोवीस तास नजर रोखून असतो.

भारताचा कार्टोसॅट-३ हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पुढे जातो. एखादं ठिकाण त्याच्या टप्प्यात फार तर काही मिनिटं असतं. एका जागी स्थिर वाटणारे उपग्रह असतात ३६,००० किलोमीटरवर. तिथून ढग दिसतात, रणगाडे नाहीत.

याचा सर्वांत मोठा धडा पोखरणचा. १९९५च्या डिसेंबरात अमेरिकी उपग्रहांनी तिथली तयारी टिपली, दबाव आला आणि अणुचाचणी बारगळली. १९९८मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी अवजड कामं रात्री उरकली. उजाडायच्या आत यंत्रं जिथल्या तिथे परत उभी, केबली झाकलेल्या, उपसलेल्या वाळूला वाऱ्याने साचल्यासारखा आकार दिलेला. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. ११ मे रोजी स्फोट झाले, ते अमेरिकेला कळले वाजपेयींच्या घोषणेतून. उपग्रह तेव्हाही डोक्यावरून जातच होते.

गैरसमज : चेहरा, गाडीचा नंबरही वाचता येतो.

कार्टोसॅट-३च्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण २५ सेंटिमीटर. साडेचार मीटरची मोटार लांबीला अठरा ठिपक्यांची, माणसाचं डोकं जेमतेम एका ठिपक्याचं. गाडी आहे हे कळतं, कुणाची ते नाही.

गैरसमज : ढग आले, अंधार पडला की काम थांबतं.

साध्या कॅमेऱ्याचं थांबतं. रडार उपग्रह स्वतःच लहरी सोडून त्यांचा परतावा नोंदवतो, म्हणून भर पावसाळ्यातल्या रात्रीही त्याला जमीन दिसते. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २००९मध्ये, इस्रायली रडार असलेला रिसॅट-२ सोडला गेला.

गैरसमज : चित्र मिळालं म्हणजे पुरावा मिळाला.

फेब्रुवारी २००३मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकमधल्या कोठारांची उपग्रहचित्रं दाखवून तिथे रासायनिक अस्त्रं असल्याचं सांगितलं. युद्ध झालं, असे साठे सापडले नाहीत. छपराखाली काय आहे, हे चित्र सांगत नाही. ते माणूस ठरवतो, आणि तिथेच सर्वांत जास्त सावधपणा हवा.

गैरसमज : उपग्रहचित्रांवरून भारतात अचूक नकाशा बनवायला आजही सरकारी परवानगी लागते.

फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी ही अट काढली. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतीयांनीच तयार करायची आणि देशातच साठवायची, एवढं बंधन राहिलं; संवेदनशील तपशील दाखवायला मनाई आहेच. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. १९९९मध्ये अवकाशात गेलेल्या अमेरिकेच्या खासगी इकोनॉस उपग्रहाची एक मीटर बारकाव्याची चित्रं जगभर विकत मिळत असताना, आपले अभ्यासक मात्र परवानगीच्या कागदांत अडकून पडले होते.