बॉडी मापाची असावी

देवगाव फाट्यावरील माझ्या दवाखान्यात कापूस वेचणीच्या दिवसांत मान-खांदे दुखण्याची तक्रार घेऊन अनेक बायका येतात. कष्टाचे काम हे कारण असतेच. पण तपासताना पुष्कळदा खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ आणि स्तनांखाली घामाने लाल झालेली, सोललेली कातडी दिसते. अशा वेळी नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांनी भागत नाही. अंगातली बॉडी, म्हणजे ब्रेसियर, मापाची आहे का, हे मी आवर्जून विचारते.

साडी निवडायला तासभर लावणारी बाई ही खरेदी दोन मिनिटांत उरकते. दुकानात पुरुष असतो, म्हणून ‘चौतीस द्या’ म्हणायचे आणि पिशवी पदराआड धरून निघायचे. ते चौतीस लग्नाआधीचे की दोन बाळंतपणांनंतरचे, याचा विचारच होत नाही.

आधार खांद्यावरच्या पट्ट्या देतात, असा समज आहे. खरा आधार छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याचा असतो. जुन्या चोळीची गाठही स्तनांखालीच बसे. हा पट्टा सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो.

माप घरीच घ्यावे. शिवणकामाचा टेप स्तनांच्या लगेच खालून सरळ गुंडाळावा. समजा 29 इंच आले. आपल्याकडे बहुधा त्यात 4 किंवा 5 मिळवून सम आकडा धरतात, म्हणजे 34. मग छातीच्या सर्वांत उंच भागावरून टेप न आवळता माप घ्यावे. ते 36 आले तर फरक 2 इंचांचा. 1 इंचाला ए, 2 ला बी, 3 ला सी, 4 ला डी कप. म्हणून हे माप 34 बी. कंपनीगणिक थोडा फरक असतो, तेव्हा पाकिटावरील तक्ता पाहावा. बोलायला संकोच वाटत असेल तर माप चिठ्ठीवर लिहून द्यावे.

नवी ब्रेसियर सर्वांत सैल हुकावर नीट बसावी. पाठीमागचा पट्टा वर चढू नये. त्याखाली दोन बोटे जावीत. अंग कपाबाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा.

अंगावर पाजणाऱ्या मातेने फार घट्ट ब्रेसियर घालू नये. दूध साठून गाठ होते, स्तनाला सूज येऊन ताप भरतो. वयात येणाऱ्या मुलीचे माप दर सहा महिन्यांनी पाहावे. हे काम आईने किंवा थोरल्या बहिणीने करावे.

स्तनांखाली खाज सुटल्यास जागा धुऊन कोरडी ठेवावी, सुती कापड वापरावे, ब्रेसियर रोज धुऊन उन्हात वाळवावी. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडयुक्त मलम आणून लावू नये. त्याने नायटा दबतो आणि पुन्हा पसरतो. बरे होत नसेल तर रक्तातील साखर तपासावी.

घट्ट किंवा काळ्या ब्रेसियरने कर्करोग होतो, ही भीती निराधार आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत ब्रेसियर आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. हे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. मात्र स्तनात किंवा काखेत गाठ, बोंडीतून रक्त, बोंडी नव्याने आत ओढली जाणे, कातडीला खळी किंवा बोंडीवर न भरणारी जखम, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.