सावलीचा हिशोब : लातूरची पाण्याची रेल्वे आणि आपल्या वस्त्यांतली झाडे

वस्तीच्या बैठकीत झाडांचा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते. आधी नाली द्या, नळ द्या, पोरांना काम द्या, झाडांचे मग बघू. झाडे म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, हा समज आपल्या कार्यकर्त्यांतही पक्का आहे. महापालिकाही तसेच वागते. अर्थसंकल्पात उद्यान विभाग 'सुशोभीकरण' या नावाखाली येतो, आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते. माझे म्हणणे असे की झाडे, मोकळी माती, नाल्याचा काठ, तलाव, पावसाचे पाणी मुरवणारे खड्डे या सगळ्याकडे रस्ता आणि जलवाहिनीसारखेच पाहिले पाहिजे. ती शहराची मालमत्ता आहे. ती नसली की खर्च होतो, आणि तो खर्च सर्वांत आधी आपल्या खिशातून जातो.

याचा सर्वांत मोठा धडा लातूरने दिला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणायला सुरुवात झाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, सुरुवातीला एका खेपेला ५ लाख लिटर, पुढे ५० टाक्यांची गाडी आणि २५ लाख लिटर. मे महिन्यात रेल्वेने जिल्हा प्रशासनाला बिल दिले, सुमारे ६ कोटी २० लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचे ४ कोटी रुपये. भागाकार केला तर लिटरमागे जवळजवळ ६५ पैसे पडतात. हा फक्त वाहतुकीचा आकडा आहे. घरोघर टँकरला दिलेले पैसे, बुडालेली हजेरी, घागरी घेऊन रांगेत उभ्या बायांचे दिवस यात कुठेच नाहीत. अर्थशास्त्राची पुस्तके याला 'सामाजिक खर्च' म्हणतात. वस्तीत त्याला नाव नाही, कारण तो रोजचाच आहे.

आता दुसरा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. लातूरला बऱ्या वर्षात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एक हेक्टर, साधारण अडीच एकर जागेवर वर्षाला ७० लाख लिटर पाणी पडते. मिरजेच्या गाडीच्या जवळजवळ तीन खेपा, फुकट, आपल्या डोक्यावर.

ते सगळे जमिनीत जात नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. वरची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. अशा भूभागात पावसाचा साधारण दहावा हिस्साच खोल मुरतो असे धरून चालावे. तरीही जागा मोकळी असेल तर हेक्टरी ७ लाख लिटर होतात. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर १४० टँकर. तुमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचा जो भाव असेल त्याला १४० ने गुणा. त्याच जागेवर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातले की यातले जवळपास सगळे नालीत जाते. पेव्हरचे बिल वेगळे, पुढे टँकरचे वेगळे. छपराचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडले, मैदानाच्या उतारावर शोषखड्डे घेतले, तर मुरणारा हिस्सा वाढतो. दुष्काळी वर्षात पाऊस निम्मा झाला तर हा आकडाही निम्मा होईल हे खरे. पण आधीच्या दोन बऱ्या वर्षांत जमिनीत काय साठवले यावरच दुष्काळातल्या बोअरची तग ठरते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी पुराकडे पाहण्याची दृष्टीच उलटी केली. जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्रात ढकलण्याऐवजी ते संपत्ती समजून साठवावे, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या शहरांचे नियोजन अजून त्याच्या मागे आहे. पावसाचे पाणी लवकरात लवकर गावाबाहेर घालवणे एवढेच आपल्या नालीचे काम.

पाण्यानंतर ऊन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालातला अंदाज आहे की २०३० पर्यंत भारतात उष्णतेमुळे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. सर्वाधिक फटका शेती आणि बांधकामाला. नांदेड-लातूरच्या मजूर अड्ड्यावर सकाळी कोण उभे असते, हे या वाचकांना सांगायची गरज नाही. हजेरी ६०० रुपये धरू. उन्हाळ्याचे ६० दिवस रोज दोन तास काम थांबले, तर आठ तासांच्या हिशोबाने माणशी ९ हजार रुपये जातात. झाडाने ते सगळे परत येणार नाहीत. पण विसाव्याला सावली असेल तर माणूस पुन्हा कामाला उभा राहतो, नसेल तर सलाइन लावून घेतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला रात्रीही सुटका नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते, आणि लातूरला शिकायला येऊन पत्र्याच्या खोलीत राहणारी आपली मुले त्यातच अभ्यास करतात. 'लातूर पॅटर्न'च्या चर्चेत हा विषय कधी आलेला मी ऐकला नाही.

नांदेडचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नावघाट, गंगाचाळ, खडकपुरा, देगलूर नाका या भागांतली माणसे सामान डोक्यावर घेतात. नदीकाठ आणि नाल्यांचे काठ हे पाण्याच्या पसरण्याची जागा आहेत. नाला सिमेंटमध्ये बांधून अरुंद केला की पाणी वेगाने खालच्या वस्तीत येते. वर पाण्याला मुरायला, थांबायला जागा ठेवली तर खाली पंचनामे कमी होतात. गोदावरी स्वतः फुगते तेव्हा शहरातली झाडे काही करू शकत नाहीत, हेही तितकेच खरे. शहरातला पाऊस आणि नदीचा पूर यांत गल्लत करू नये.

मग पैसा कुठला? दोन्ही शहरे २०१५ च्या 'अमृत' योजनेत होती. त्या योजनेत हिरव्या जागा आणि उद्यानांसाठी जास्तीत जास्त अडीच टक्के निधीची मर्यादा होती. म्हणजे दिल्लीतूनच झाडांना ताटातल्या लोणच्याइतकी जागा. पण महापालिकेकडे मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखीव ५ टक्के निधी असतो, नागरी दलितवस्ती सुधार योजना असते. हा पैसा बहुतेक सिमेंट रस्ता, नाली आणि समाजमंदिरात जातो. रस्ता हवाच. पण गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंट ओतण्याची मागणी आपणच करतो, दोन्ही बाजूंना हातभर माती सोडा असे कोणी म्हणत नाही. ठेकेदाराला तर मातीचे बिल लावता येत नाही!

राज्यात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. वस्तीतला जुना वड, पिंपळ, कडुनिंब यात बसतो. मोठे झाड वाचवणे हे नवे शंभर लावण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण लावलेले रोप पहिले तीन उन्हाळे पाणी आणि राखण मागते. पावसाळ्यात मंत्र्याच्या हस्ते लावलेले रोप मार्चमध्ये कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्यायला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तिथे झाडाला कुठून घालायचे, हा आयाबायांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सांडपाण्यात आहे. शुद्धीकरण केंद्राचे पाणी झाडांना, आणि विहाराच्या नळाखालचे पाणी विहाराच्या अंगणात.

राखणीत रोजगार आहे. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, आणि तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. शहरातल्या बेरोजगाराला मात्र ती हमी मिळाली नाही. केरळने २०१० मध्ये अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी आणली, राजस्थानने २०२२ मध्ये. राजस्थानच्या योजनेत वृक्षलागवड आणि जलसंधारणाची कामे होती. कोलंबियातल्या मेडेलिन शहराने २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांकाठी ३० हरित पट्टे केले, गरीब वस्त्यांतल्या लोकांना माळीकामाचे प्रशिक्षण देऊन त्याच कामावर घेतले. त्या पट्ट्यांतले तापमान सुमारे दोन अंशांनी उतरले. आपल्या पोरांना झाडू आणि गटार सोडून महापालिकेत दुसरे काम असू शकते, हे यातून दिसते. मात्र कंत्राटी बारा तास आणि बुडवलेला भविष्य निर्वाह निधी असेल तर मला त्या माळीकामात रस नाही.

एक धोका नीट ओळखला पाहिजे. नदीकाठ विकास, सुशोभीकरण, हरित पट्टा ही नावे अनेक शहरांत झोपड्या उठवण्यासाठी वापरली गेली आहेत. उद्यान झाले की आजूबाजूच्या जागेचा भाव वाढतो, भाडे वाढते, आणि ज्याने उन्हात दिवस काढले तो सावली आल्यावर बाहेर पडतो. म्हणून मागणी वस्तीच्या आत झाडांची हवी, वस्तीच्या जागी झाडांची नव्हे. जिथे पूररेषेतून माणसे हलवावीच लागतील, तिथे आधी त्याच शहरात पक्के घर आणि मगच नदीकाठाचा आराखडा.

महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चच्या आत ठरते. त्याआधी माहिती अधिकारात चार गोष्टी मागता येतात : शेवटची वृक्षगणना कधी झाली, आपल्या प्रभागात किती झाडे नोंदली, राखीव ५ टक्क्यांतला किती पैसा सिमेंटवर गेला, आणि वृक्ष प्राधिकरणाच्या वर्षभरात किती बैठका झाल्या. नांदेडच्या प्रत्येक विहारातून एकेक अर्ज गेला तरी पुरे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही लागत नाही.